पुण्यात रूमवर एकटे आहात आणि सर्दी झालीय? घरगुती उपाय पहिल्यापासून, नीट क्रमाने

पुण्यात नवीन आलेल्यांना सर्दीचे दोन मुहूर्त ठरलेले असतात. एक जून-जुलैमध्ये, रूममध्ये कपडे वाळत नाहीत आणि भिंतींना ओल येते तेव्हा, आणि दुसरा डिसेंबर-जानेवारीत, पहाटे पाषाण-शिवाजीनगरला पारा दहाच्या आसपास असतो आणि दुपारी तीसच्या जवळ जातो म्हणून सकाळी स्वेटर आणि दुपारी टीशर्ट असं चाललेलं असतं तेव्हा. त्यात सदाशिव पेठेतली अभ्यासिका किंवा हिंजवडीचं एसी ऑफिस म्हणजे बंद खोली, एक शिंकला की आठवड्याभरात अख्खी रांग शिंकते.

गावी असताना सर्दी झाली की आपल्याला काहीच करायचं नसतं, आई काढा आणून देते, आजी छातीला काहीतरी चोळते आणि आपण फक्त नखरे करायचे. इथे कॉट बेसिसवर म्हणजे रूममधली एक खाट भाड्याने घेऊन राहायला आल्यावर मग रात्री अकराला फोन जातो, आई फोनवर आठ उपाय सांगते, फॅमिली ग्रुपवर अजून बारा येतात, आणि तुमच्याकडे असते एक इलेक्ट्रिक किटली आणि मॅगीचं पाकीट. मी बार्शीहून इथे आले तेव्हा हे सगळं एकत्र सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून हे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे पुढचं नीट लागेल. सर्दी घालवणारा उपाय कुणाकडेच नाही, ना आजीकडे ना केमिस्टकडे. सर्दी करणारे व्हायरस दोनशेच्या वर आहेत, त्यातले सगळ्यात जास्त ते ऱ्हायनोव्हायरस, आणि त्यांना आपलं शरीरच मारतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट वाटतं, मग उतरत जातं, सात ते दहा दिवसांत बहुतेकांचं मिटतं, खोकला मात्र कधीकधी दोन-तीन आठवडे रेंगाळतो. घरगुती उपायांनी हे दिवस कमी होत नाहीत, सुसह्य होतात. आणि खरा त्रास रात्रीच असतो, दिवस कसाही निघतो हो, पण रात्री नाक बंद, तोंडाने श्वास, घसा कोरडा, मग खोकला, मग झोप नाही, मग दुसरा दिवस अजून वाईट. त्यामुळे माझं सरळ मत आहे की दिवसभर वीस उपाय करण्यापेक्षा संध्याकाळी सातनंतरचे तीन-चार उपाय नीट करा.

१) सामान : आजारी पडायच्या आधीच आणून ठेवा

ताप आलेला असताना मंडईत जायची ताकद नसते, त्यामुळे हे आत्ताच.

किराणा दुकानातून : मीठ, हळद, मिरी, लवंग, दालचिनी, सुंठ, ओवा, गूळ, मध, कुळथाचं पीठ, मऊ भातासाठी तांदूळ आणि मूगडाळ, मेतकूट, तूप.
भाजीवाल्याकडून : आलं, लसूण, लिंबू, गवती चहाची जुडी.
केमिस्टकडून : डिजिटल थर्मामीटर, सलाइनचे नाकात घालायचे थेंब, पॅरासिटामॉलची एक स्ट्रिप, जमलं तर प्लास्टिकचं वाफेचं मशीन.
शिवाय एक जास्तीची उशी, दोन-तीन सुती रुमाल आणि थर्मास. थर्मास हसण्यावारी नेऊ नका, रात्री दोनला उठून किटली लावण्यापेक्षा उशाशी गरम पाणी असणं फार मोठी गोष्ट आहे.

तुळस विकत घ्यायची गरज नसते, सोसायटीत कुणाकडे तरी कुंडीत असतेच, पण काकूंना विचारून तोडा, पुणं आहे. ज्येष्ठमध, अडुळसा, सितोपलादी चूर्ण वगैरे हवं असेल तर मंडई-रविवार पेठेच्या बाजूला काष्ठौषधींची जुनी दुकानं आहेत, तिथे ज्येष्ठमधाची काडी मागा, पावडर नको, पावडरीत काय मिसळलंय ते आपल्याला कळत नाही.

मध घेताना एवढंच बघा की लेबलवर फक्त मध लिहिलेलं आहे, "हनी फ्लेवर सिरप" नाही. बाटलीत खाली साखरेसारखं गोठलं की लोक भेसळ म्हणून फेकून देतात, ते चुकीचं आहे, चांगला मधही गोठतो. बाटली कोमट पाण्यात ठेवा, सुटतो.

२) आधी बघा, ही सर्दीच आहे का

ही पायरी सगळे गाळतात आणि पुण्यात ती गाळून चालत नाही.

साधी सर्दी हळूहळू येते. आधी घशात खवखव, मग शिंका, मग नळासारखं वाहणारं नाक, मग घट्ट शेंबूड. ताप नसतो किंवा कणकण असते. दोन-तीन दिवसांनी शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून घाबरू नका, तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो, त्याचा अर्थ अँटिबायोटिक लागणार असा नाही.

फ्लू एकदम आदळतो, सकाळी ठीक आणि संध्याकाळी १०२ ताप, अंग मोडून आल्यासारखं. पुणेकर ह्या बाबतीत जरा हळवे आहेत कारण २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता. एनआयव्ही म्हणजे व्हायरसवर काम करणारी राष्ट्रीय संस्थाही इथलीच, १९५२ पासूनची.

डेंग्यू-चिकनगुन्या : पावसाळ्यात आणि त्यानंतर जोरात ताप आहे, डोळ्यांच्या मागे दुखतंय, सांधे धरलेत आणि नाक मात्र बऱ्यापैकी कोरडं आहे, तर ती सर्दी समजू नका. काढा पीत बसायचं नाही, डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासायचं. आणि तोपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नाही, डेंग्यूत त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

अ‍ॅलर्जी : ताप नाही, घसा दुखत नाही, पण सलग शिंका, डोळे-नाक खाजतंय आणि हे तीन आठवडे चाललंय, किंवा गाडीवरून आलं की सुरू होतं. नवीन लोकांना हे फार होतं, धूळ, मेट्रो-पुलांची बांधकामं आणि गाजरगवत. ते गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं तेच मुळी पुण्यात, १९५० च्या दशकात. अशा वेळी काढ्याने काही होत नाही, तोंडाला नीट मास्क लावा, रूममधली चादर-अभ्रे गरम पाण्यात धुवा आणि एकदा डॉक्टरला दाखवा.

३) घसा : पहिल्याच संध्याकाळी गुळण्या

खवखव सुरू झाली की लगेच सुरू करा, घसा पूर्ण बसल्यावर नाही. एक ग्लास कोमट पाणी, त्यात अर्धा छोटा चमचा मीठ, घोट घेऊन मान मागे करून घशात खुळखुळवायचं, थुंकायचं, ग्लास संपेपर्यंत. सकाळी, संध्याकाळी आणि झोपायच्या आधी. पाणी पोळेल इतकं गरम नको, काही लोकांना वाटतं जितकं गरम तितकं भारी, आणि मग घसा भाजून घेतात.

हळद घातली तरी चालते, मी नाही घालत, कारण मिठाने काम होतं आणि बेसिनला पिवळे डाग पडले की मालक डिपॉझिट परत देताना ते आठवणीने दाखवतात.

दिवसभर लवंग किंवा खडीसाखर तोंडात धरली तरी घसा ओला राहतो. ज्येष्ठमधाची काडी चघळायलाही छान, पण बीपी असणाऱ्यांनी ती लांबच ठेवावी, ज्येष्ठमधाने बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं. गरोदर बायकांनीही नको.

४) काढा : प्रमाणात, आणि दिवसातून दोनदाच

दोन कप पाणी उकळत ठेवा. त्यात बोटाच्या एका पेराएवढं आलं ठेचून, चार-पाच मिरी ठेचून, दालचिनीचा अगदी लहान तुकडा. पाच-सात मिनिटं बारीक गॅसवर, झाकण ठेवून. गॅस बंद करताना तुळशीची सात-आठ पानं आणि गवती चहाच्या दोन-तीन पाती हाताने तोडून टाका आणि परत झाकण, पाच मिनिटं. सुगंध उडून गेला की अर्धी मजा गेली, म्हणून पानं शेवटी. गाळून गूळ. लिंबू किंवा मध घालायचा असेल तर कोमट झाल्यावर.

फक्त किटली आहे? मग थर्मासमध्ये हेच सगळं ठेचून टाका, वरून उकळतं पाणी ओता, अर्धा तास बंद. उकळलेल्या काढ्याइतका कडक होत नाही पण चांगला होतो. किटलीत मात्र मसाले टाकू नका, कॉइलला वास बसतो आणि पुढचा महिनाभर रूममेटच्या कॉफीला मिरीचा वास येतो.

२०२० मध्ये आयुष मंत्रालयाने जो काढा सांगितला होता त्याचं प्रमाण तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ आणि मिरी १ असं होतं, म्हणजे मिरी सगळ्यात कमी. आपल्याकडे उलटं होतं, मिरी आणि सुंठ मूठभर आणि तुळस नावाला. त्या वर्षी लोकांनी दिवसाला पाच-सहा कप काढा पिऊन पोटाची वाट लावून घेतली होती, छातीत जळजळ, तोंड आलेलं. दिवसातून दोन छोटे कप पुरे. अ‍ॅसिडिटीवाल्यांनी एकच, आणि उपाशीपोटी नाही. बाजारातली जाड दालचिनी रोज भरपूर खाल्ली तर यकृताला चांगली नाही, म्हणून तुकडा लहान म्हटलं.

गुळवेल काढ्यात घालायची फॅशन आहे. यकृताचा त्रास, मधुमेहाच्या गोळ्या किंवा ऑटोइम्यून आजार (म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो) असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नका, आणि साध्या सर्दीला तिची गरजही नाही.

काढा करायचा कंटाळा आला तर खाली अमृततुल्यवर जाऊन आल्याचा चहा प्या, काही बिघडत नाही. गरम पातळ काहीतरी पोटात जात राहणं महत्त्वाचं, दिवसभर लघवी फिकट रंगाची होतेय ना एवढं बघा.

५) वाफ : इथेच सगळ्यात जास्त लोक भाजतात

वाफेने व्हायरस मरत नाही. शेंबूड थोडा पातळ होतो आणि अर्धा-पाऊण तास मोकळं वाटतं, बस. पण तो अर्धा-पाऊण तास झोपायच्या वेळी मिळाला तर आपण झोपून जातो, म्हणून मी वाफ फक्त रात्रीच घ्या म्हणते.

कसं करायचं : पातेलं टेबलावर किंवा जमिनीवर, खाली ओला नॅपकिन म्हणजे सरकत नाही. पाणी उकळून गॅसवरून उतरवून दोन मिनिटं थांबा. डोक्यावर टॉवेल, चेहरा पातेल्यापासून हातभर लांब, डोळे मिटलेले, पाच ते दहा मिनिटं. चटका बसायला लागला की मागे व्हा.

काय करायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. पातेलं मांडीवर किंवा गादीवर घेऊन बसायचं नाही, बहुतेक अपघात असेच होतात, शिंक येते, पातेलं कलंडतं आणि मांड्या भाजतात. किटलीच्या तोंडावर तोंड नेऊन वाफ घ्यायची नाही. पाण्यात बाम टाकून ते गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही, ते उसळून तोंडावर उडू शकतं. निलगिरी तेल घालायचंच तर दोन थेंब आणि ते पोटात जाता कामा नये, ते विषारी आहे. साध्या पाण्याच्या वाफेनेही तितकंच होतं खरं तर. लहान मुलांना पातेल्याची वाफ अजिबात नाही. दमा असेल तर वाफेने किंवा त्यातल्या उग्र वासाने उलट धाप लागू शकते, तेव्हा सांभाळून.

आता खास पुण्याचा सापळा. बऱ्याच जुन्या फ्लॅटमध्ये बाथरूममध्येच गॅस गीझर असतो. "दार-खिडकी बंद करून गरम पाणी सोडा, बाथरूमभर वाफ होऊ दे" हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देणारच. गॅस गीझर आत असेल तर हे चुकूनही करू नका. बंद जागेत गीझरची ज्योत ऑक्सिजन खाते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, आधी गरगरतं आणि मग माणूस तिथेच पडतो. अशाने लोक गेलेत. सर्दी नसतानाही गॅस गीझरच्या बाथरूमची खिडकी उघडी ठेवूनच आंघोळ करायची.

६) नाक : मीठपाणी, पण उकळलेलं

सगळ्यात कमी भाव मिळालेला आणि सगळ्यात कामाचा उपाय हा आहे. सलाइनचे थेंब प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन, पाच मिनिटं थांबा, हळूच शिंकरा. एक नाकपुडी दाबून दुसरी, दोन्ही दाबून जोरात नाही, त्याने कानात दडे बसतात. झोपायच्या आधी आणि सकाळी.

जलनेती म्हणजे एका नाकपुडीतून मीठपाणी घालून दुसरीतून काढणं, ती येत असेल तर करा, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं नाही, माठातलं नाही, आणि ऑफिसच्या फिल्टरचंही नाही. नेग्लेरिया नावाचा एक अमीबा असतो, तो पाण्यातून पोटात गेला तर काही करत नाही पण नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोचतो. फार दुर्मीळ, पण झाला की जवळजवळ नेहमी जीवघेणा. केरळमध्ये अमीबाच्या मेंदूज्वराच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. पाणी उकळायला पाच मिनिटं लागतात, तेवढी द्या. मिठाचं प्रमाण एक लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा. ह्यापेक्षा कमी-जास्त झालं की नाक झोंबतं. आयुष्यात कधी नेती केली नसेल तर ऐन सर्दीत शिकायला जाऊ नका, थेंबच बरे.

केमिस्ट कधीकधी सलाइन मागितलं की नाक झटकन मोकळं करणारा स्प्रे देतो. बाटलीवर ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन लिहिलंय का बघा. ते वाईट नाही, अगदी अडलं तर रात्री वापरा, पण तीन दिवसांच्या वर नाही, नंतर स्प्रे नसला की नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं आणि माणूस महिनोन्महिने त्या बाटलीला अडकतो.

७) खोकला : झोपताना मध

झोपायच्या आधी एक चमचा मध, नुसता, चाटून. त्यावर लगेच पाणी नाही. मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर मधाचे अभ्यास झालेत आणि थोडा फायदा दिसलाय, इतक्या साध्या वस्तूच्या मानाने हे खूप झालं. आल्याचा रस आणि चिमूटभर हळद घालून चाटण केलं तर चवीला बरं, घशाला ऊब येते. सितोपलादी मधातून घेतात तेही चालतं, फक्त मधुमेहवाल्यांनी लक्षात ठेवा की त्यात खडीसाखरच सगळ्यात जास्त असते.

हळदीचं दूध : कपभर दूध, पाव चमचा हळद, चिमूटभर मिरपूड. मिरी नुसती चवीला नाही, मिरीमुळे हळदीतलं करक्युमिन अंगात जास्त शोषलं जातं. दुधाने कफ वाढतो का, तर कफ जास्त तयार होतो असं तपासात दिसलेलं नाही, पण दूध प्यायल्यावर घशात चिकट वाटतं हे खरं, ज्याला वाटतं त्याने पिऊ नये. केळं-दह्याचंही तेच, त्रास वाटला तर सोडा, नाहीतर उगाच उपास नको.

८) खाणं : मेसचा डबा ह्या दिवसांत जमत नाही

मेसची भाजी तिखट-तेलकट, घशाला झोंबते, आणि नाक बंद असल्यामुळे चव तर लागतच नाही. भूक नसेल तर जबरदस्ती करू नका, पण पातळ काहीतरी हवंच.

माझ्या मते सर्दीत कुळीथ म्हणजे हुलगे ह्यांच्यासारखं दुसरं काही नाही. छोट्या पातेल्यात चमचाभर तूप, जिरं, चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून, एक हिरवी मिरची. लसूण तांबूस झाला की दोन कप पाणी, मीठ, एक आमसूल. दोन मोठे चमचे कुळथाचं पीठ अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं आणि उकळत्या पाण्यात ढवळत ढवळत ओतायचं. पाच-सात मिनिटं. पातळच ठेवा, वाटीने प्यायचंय. खाली मऊ भात असेल तर उत्तमच. गोड आवडत असेल तर ह्याच पिठाचं गूळ-दूध-सुंठ घालून माडगं करा, सोलापूर-बार्शीकडची मंडळी ह्याच्यावर वाद घालतील की दूध घालायचं की नाही, तुम्ही घाला.

बाकी मऊ भात-मेतकूट-तूप, मुगाचं कढण, टोमॅटोचं सार. मांसाहारी असाल तर चिकनचं अळणी पाणी म्हणजे बिनतिखटाचं पातळ सूप मागवा, ते गरम, खारट आणि पातळ असतं, आजारी माणसाला अजून काय हवं. आणि "क" जीवनसत्त्वाच्या गोळ्या सर्दी झाल्यावर सुरू करून फारसा फरक पडत नाही, त्या पैशाची मोसंबी आणा.

९) रात्रीचा क्रम : हे एवढंच पाठ करा

साडेसात-आठला कुळथाचं किंवा मऊ भात, हलकं जेवण. नऊच्या सुमारास काढा, त्याहून उशिरा नाही, नाहीतर रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या. साडेनऊला गुळण्या. झोपायच्या अर्धा तास आधी वाफ, वाफ घेतल्यावर गाडीवर बाहेर जायचं नाही, आत पडून राहायचं. मग नाकात सलाइनचे थेंब. सगळ्यात शेवटी मध. मधानंतर गुळण्या केल्या तर मध धुऊन जातो, म्हणून हाच क्रम.

अंथरुणात दोन उशा, डोकं-खांदे मिळून उंच, नुसती मान दुमडलेली नको. नाकातलं घशात उतरून खोकला येतो तो ह्याने कमी होतो. पंखा तोंडावर नको, पण खिडकी पूर्ण बंद करून रूमही कोंडू नका.

ओव्याची पुरचुंडी : दोन चमचे ओवा कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत भाजा, सुती रुमालात गाठ मारा, आधी मनगटाला लावून बघा, मग छाती-पाठीला शेक आणि अधूनमधून हुंगायची. ओव्यात थायमॉल असतं, तोच तो उग्र वास. रात्री उशाशी ठेवा. बाम लावला तर छातीला आणि गळ्याला, नाकाच्या आत नाही. बामने नाक खरं उघडत नाही, मेंथॉलमुळे गार वाटतं आणि उघडल्यासारखं वाटतं, पण झोप लागत असेल तर तेही चालेल की.

हॉस्टेलवाल्यांसाठी वेगळं : गरम पाण्यात रम किंवा ब्रँडी हा उपाय नाही. अंगातलं पाणी कमी होतं, झोप तुटक लागते, आणि सर्दीची गोळी घेतलेली असेल तर गुंगी दुप्पट.

१०) घरात बाळ असेल तर वेगळे नियम

लग्न होऊन किंवा बदली होऊन कुटुंबासह आलेल्यांसाठी. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, बोटावर लावूनसुद्धा नाही, त्यातून बॉट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा होऊ शकते. ओवा-धूपाची धुरी नाही, तो शेवटी धूरच आहे आणि बाळाच्या फुप्फुसात जातो. नाकात तेल नाही, ते श्वासनलिकेत उतरू शकतं. कापूर पुरचुंडीत नाही, पाळण्याला बांधूनही नाही, पोटात गेला तर फिट येऊ शकते. दोन वर्षांखाली बाम नाही. मग काय करायचं, तर सलाइनचे थेंब, अंगावर पाजत राहणं आणि उबदार कपडे.

सर्दी-खोकल्याचं सिरप स्वतःच्या मनाने देऊ नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात दूषित कफ सिरपमुळे लहान मुलं दगावली, त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली ही औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखालीही साधारणपणे टाळायची. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर काही उपाय करत बसू नका, थेट दवाखाना. बाळ भराभर श्वास घेतंय, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जातेय किंवा पीत नाहीये, तरी तेच.

११) काढ्याबरोबर गोळ्या घेत असाल तर

सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच. लोक ती गोळी घेतात आणि वर तापाची वेगळी घेतात, म्हणजे डबल. स्ट्रिपच्या मागे वाचा. धडधाकट मोठ्या माणसालाही २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर नाही, आणि तितकं लागत असेल तर मुळात डॉक्टरकडे जायला हवं. ह्या गोळ्यांनी झोप येते, घेऊन गाडी चालवू नका, अपघातांसाठी बदनाम असलेल्या नवले पुलाच्या उतारावर तर नाहीच. बीपी असेल तर नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या विचारूनच.

१२) उपाय थांबवून डॉक्टरकडे कधी

ताप तीन दिवसांच्या वर टिकला किंवा १०३ गेला, धाप लागतेय, छातीत दुखतंय, ऑक्सिमीटर ९४ च्या खाली दाखवतोय, कान ठणकतोय, कपाळ-गाल एका बाजूने दुखतोय, बरं वाटून परत एकदम बिघडलं, किंवा दहा दिवस झाले तरी उतार नाही. ह्यातलं एकही असेल तर जा. दमा, मधुमेह, गरोदरपण असेल तर इतकंही थांबू नका. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, त्यात संध्याकाळी कणकण येते किंवा वजन उतरलंय, तर टीबीची तपासणी करून घ्या, सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत ती मोफत होते. लाज वाटायचं काही कारण नाही, रूमवर दाटीवाटीने राहणाऱ्या कुणालाही होऊ शकतो.

जाताना तापाच्या नोंदी मोबाइलमध्ये वेळेसकट लिहून न्या, घेतलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिपचे फोटो न्या, कशाची अ‍ॅलर्जी असेल तर ती सांगा, आणि काढा, ज्येष्ठमध, गुळवेल जे काही घेतलंय तेही सांगा, डॉक्टर ओरडतील म्हणून लपवू नका, कारण बाकीच्या औषधांशी त्याचा संबंध येतो. आणि रूममेटच्या ड्रॉवरमधली मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप तो कितीही प्रेमाने देत असला तरी घेऊ नका, व्हायरसवर ती चालत नाही.